जुना संगणक आणि छत्तिसाचा आंकडा

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीची नित्याची देखभाल थांबविली. तेव्हांपासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचीं हस्ताक्षरें निरनिराळीं असलीं, तरी प्रश्न बहुधा एकच असतो: घरांतला चांगला चालता संगणक आतां टाकून द्यावयाचा काय? बुलढाणा जिल्ह्यांतून आलेलीं पत्रें घाटावरचींही आहेत आणि घाटाखालचींही. त्यांपैकीं मेहकर तालुक्यांतील एका भगिनींचें पत्र या महिन्याच्या विवेचनास आधार म्हणून घेतों; कारण प्रश्नाच्या बहुतेक सर्व बाजू त्या एकाच पत्रांत आल्या आहेत.

घर एकत्र कुटुंबाचें, आणि टेबलावरचा संगणक एकच, २०१६ सालीं घेतलेला. त्यांत थोरल्या जाऊबाईंच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका आहेत, शेताचे सातबाराचे उतारे आहेत, मुंजी-लग्नांचीं छायाचित्रें आहेत. आणि सर्वांत मोलाचें म्हणजे मामंजींनीं सेवानिवृत्तीनंतर आठ वर्षें खपून लिहिलेला घराण्याचा कुलवृत्तांत आहे. पुतण्यानें ‘विंडोज ११’ घालून पाहिली, तों ‘हा संगणक पात्र नाहीं’ अशी पाटी झळकली. मग त्यानें एका जुन्या पेन ड्राइव्हवरून ‘लिनक्स’ चालवून पाहिली. तेव्हां वाय-फाय दिसेना व प्रिंटर बोलेना. दुकानदार म्हणाला, “डबा झाला. फॉरमॅट मारा, विका आणि नवा घ्या.” धाकटे भावोजी त्याच मताचे. परंतु नव्या संगणकास लागणारी रक्कम मुलीच्या कॉलेज-प्रवेशासाठीं राखून ठेविलेली आहे. मामंजी कांहीं बोलत नाहींत. फक्त रोज सकाळीं संगणक चालू होतो कीं नाहीं एवढें पाहून जातात. ‘अशा वेळीं आम्हीं काय करावें?’ असा भगिनींचा प्रश्न आहे.

आमचें उत्तर थोडक्यांत असें कीं, ‘डबा झाला’ हा निकाल देण्यापूर्वीं ‘नाहीं’ कोण म्हणतो आहे व कां म्हणतो आहे, याचा तपास करावा. आजाऱ्यास पाहिल्यावांचून औषध देणारा वैद्य आणि यंत्र पाहिल्यावांचून ‘नवें घ्या’ म्हणणारा दुकानदार, दोघांच्याही सल्ल्याची किंमत सारखीच. संगणकाचे नकार तीन प्रकारचे असतात. तीहींची लक्षणें वेगळीं, उपाय वेगळे. आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर योजला म्हणजे पैसा जातो, कधीं कधीं घरचें संचितही जातें.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊं. इंग्रजींत जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. पडदा, कळफलक, डिस्क, वाय-फाय, प्रिंटर हे सारे अवयव तिच्या आज्ञेंत चालतात. परंतु प्रत्येक अवयव निराळ्या कारखान्यांत घडलेला आणि प्रत्येकाची बोली निराळी. कारभाऱ्याची आज्ञा त्या त्या अवयवाच्या बोलींत सांगणारा जो लहानसा प्रोग्राम, त्यास ‘ड्रायव्हर’ म्हणतात. तो मिळाला तर घर सुरळीत चालतें. न मिळाला तर कारभारी व अवयव एकमेकांकडे पाठ करून बसतात, ज्याप्रमाणें ३६ या आंकड्यांतील ३ आणि ६ बसतात.

वऱ्हाडांतील वाचकांस ही गोष्ट रेल्वेच्या रुळांवरून चटकन् उमगेल. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची वाट १८६७ मध्यें नागपुरास पोंचली. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव हीं स्टेशनें त्याच वाटेवरचीं. १८७० मध्यें जलंबपासून खामगांवपर्यंत कापसासाठीं एक फांटा निघाला. त्या फांट्याच्या व मुख्य वाटेच्या रुळांची रुंदी एकच, १६७६ मिलिमीटर. म्हणून खामगांवीं भरलेला डबा तसाच मुख्य वाटेवर जाऊं शके. पुढें शेजारच्या जिल्ह्यांत मूर्तिजापुराहून यवतमाळकडे व अचलपुराकडे जी आगगाडी निघाली, आणि जिला लोक ‘शकुंतला’ म्हणूं लागले, तिचे रूळ अवघे ७६२ मिलिमीटर रुंदीचे. त्यामुळें तिकडून आलेली गासडी मूर्तिजापुरास उतरवून दुसऱ्या डब्यांत भरल्यावांचून पुढें जाणें शक्यच नव्हतें. दोष कापसांत नव्हता, डब्यांत नव्हता आणि रुळांतही नव्हता. दोहोंच्या मापांत होता. मूर्तिजापूरच्या फलाटावर जें काम हमालांचें, तेंच काम संगणकांत ड्रायव्हरचें. हमाल नाहीं म्हणून कोणी आगगाडी मोडींत काढीत नाहीं.

ही अडचण आजची नव्हे. २००७ च्या आरंभीं ‘विंडोज व्हिस्टा’ बाजारांत आली, तेव्हां जगभर कित्येक घरांतले प्रिंटर व स्कॅनर एका रात्रींत मुके झाले. कारण त्यांच्या कारखानदारांनीं नवे ड्रायव्हर वेळेवर लिहिले नव्हते. ८ एप्रिल २०१४ रोजीं ‘विंडोज एक्स्पी’ची देखभाल संपली, तेव्हांही हाच गोंधळ झाला. म्हणून या वेळचा पेंच सोडविण्याची रीत एकदां नीट शिकून ठेवली, तर ती पुढील पेंचासही कामीं येईल.

पहिला नकार नियमाचा. यंत्रास काम करतां येत असतें, परंतु कंपनीचा नियम त्यास दाराशींच अडवितो. ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं आलेल्या ‘विंडोज ११’नें कांहीं अटी घातल्या: स्मृति, म्हणजे रॅम, निदान ४ जीबी, साठवणीस ६४ जीबी, ‘सिक्युअर बूट’ची सोय, ‘टीपीएम २.०’ नांवाची गुप्त किल्ल्या सांभाळणारी तिजोरी. आणि प्रोसेसर कंपनीच्या यादींतला. इंटेलच्या बाबतींत ही यादी सामान्यतः आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासून सुरू होते. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा फुकट प्रोग्राम चालविला, तर कोणती अट अडते तें तो नांवानिशीं सांगतो. तें वाचल्यावांचून पुढें जाऊं नये. कारण टीपीएमची अट अडत असेल, तर पुष्कळदां ती तिजोरी यंत्रांत असते, पण बंद असते. संगणक सुरू होतांना एफ २ किंवा डिलीट कळ दाबून जी ‘बायोस’ची पाटी येते, तींत इंटेलच्या यंत्रांवर ‘पीटीटी’ व एएमडीच्या यंत्रांवर ‘एफटीपीएम’ या नांवानें ती सांपडते. ती चालू केली कीं अट पुरी होते. असे कित्येक संगणक केवळ एका बंद कळीपायीं भंगारांत गेले असतील.

मात्र येथें एक इशारा देणें अवश्य आहे. कांहीं संगणकांवर डिस्कला ‘बिटलॉकर’चें कुलूप आपोआप लागलेलें असतें. बायोसमध्यें हात घातल्यावर तें कुलूप ४८ अंकी किल्ली मागतें, आणि ती न मिळाल्यास आंतील एकही अक्षर हातीं लागत नाहीं. म्हणून आधीं ती किल्ली शोधून वहींत उतरून घ्यावी, मगच बायोस उघडावें.

२०१६ चा संगणक बहुतेक सहाव्या पिढीचा असतो. तेव्हां मेहकरच्या घरीं तिजोरी सांपडली तरी प्रोसेसरची अट अडणारच. ही अट चुकवून ‘विंडोज ११’ घुसविण्याच्या युक्त्या पुष्कळ मुलांस ठाऊक असतात. परंतु अपात्र यंत्रास पुढील दुरुस्त्या मिळण्याचा हक्क नाहीं, असें कंपनीनें स्पष्ट म्हटलें आहे. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, त्यावर असला आडमार्ग आम्ही सुचविणार नाहीं. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांनीं नोंदणी केल्यास सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील, अशी मुदतवाढ कंपनीनें जाहीर केली होती. ती मुदत म्हणजे विचारास मिळालेली सवड. प्रश्नाचें उत्तर नव्हे.

दुसरा नकार दुभाष्याचा. येथें नियम आड येत नाहीं. ड्रायव्हर नसतो, अथवा असून जुना असतो. पुतण्यास वाय-फाय दिसलें नाहीं तो प्रकार हाच. लिनक्स ही प्रणाली १९९१ मध्यें हेलसिंकी येथील लिनस टॉरवॉल्ड्स या विद्यार्थ्यानें आरंभिली. तिची विशेषता अशी कीं, बहुसंख्य ड्रायव्हर तिच्या गाभ्यांतच असतात. तरी कांहीं वाय-फाय चकत्यांस ड्रायव्हरखेरीज ‘फर्मवेअर’ नांवाचा आणखी एक तुकडा लागतो, आणि तो कारखानदाराच्या मालकीचा असल्यामुळें कित्येक आवृत्त्यांतून वगळला जात असे. लिनक्सच्या ‘डेबियन’ शाखेनें १० जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून असे तुकडे आपल्या अधिकृत संचांतच घातले. म्हणून जुन्या पेन ड्राइव्हवर न दिसलेलें वाय-फाय नव्या आवृत्तींत आपोआप दिसूं लागणें अगदीं शक्य आहे. प्रयोग फसला याचा अर्थ यंत्र फसलें असा नव्हे; कदाचित् पेन ड्राइव्हच शिळा असेल.

तिसरा नकार शरीराचा. यंत्राच्या अंगीं ती शक्तीच नसते, किंवा एखादा अवयव खरोखरीच झिजलेला असतो. फार जुने ३२-बिटी संगणक या वर्गांत येतात. ‘डेबियन’नेंही ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून त्यांवर नव्यानें प्रतिष्ठापना करण्याची सोय काढून टाकली. झिजलेला अवयव मात्र फसवा असतो. मरणोन्मुख हार्ड डिस्क किंवा सदोष रॅम असली, तर प्रतिष्ठापना मध्येंच थांबते, प्रत्येक वेळीं निराळी चूक दाखविते, आणि घरचे लोक समजतात कीं प्रणाली जुळत नाहीं. येथें एक सोपी खूण लक्षांत ठेवावी. न जुळणारें यंत्र दर वेळीं त्याच ठिकाणीं अडतें. आजारी यंत्र दर वेळीं नव्या ठिकाणीं. दुसरा प्रकार दिसला, तर ‘मेमटेस्ट’नें रॅम रात्रभर तपासावी आणि ‘स्मार्ट’ या नांवाची डिस्कची प्रकृतिनोंद पाहावी. दोष रॅमचा निघाला तर रॅम बदलावी. डिस्कचा निघाला तर सर्व काम सोडून आधीं नक्कल करून घ्यावी.

नकार ओळखला कीं प्रत्यक्ष कामास लागावें. पण पहिलें काम संगणकाचें नव्हे, संचिताचें. ‘फॉरमॅट मारा’ हे दोन शब्द उच्चारण्यास क्षण लागतो. आठ वर्षांचें लेखन पुसण्यास त्याहून फार वेळ लागत नाहीं. सर्व महत्त्वाच्या फायलींच्या दोन नकला निराळ्या साधनांवर घ्याव्या आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या घरीं ठेवावी. नक्कल झाली असें मानूं नये; दुसऱ्या संगणकावर ती उघडून, निदान चार पानें वाचून पाहावीं.

कुलवृत्तांताच्या बाबतींत आणखी एक सावधगिरी हवी. भगिनी लिहितात कीं, मामंजींचा मराठी टंकलेखनाचा प्रोग्राम जुना असून तो चालविण्यास यूएसबीमध्यें एक लहानसें ‘कुलूप’ खोंचावें लागतें. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं अशा प्रोग्रामांत मराठी अक्षरें रोमन अक्षरांच्या क्रमांकांखालीं साठवीत असत. तो विशिष्ट फाँट नसेल, तर तीच फाइल निरर्थक रोमन चिन्हांचा ढीग दिसते. शिवाय त्या कुलपासही स्वतःचा ड्रायव्हर लागतो, आणि नव्या प्रणालींत तो मिळेलच अशी हमी नाहीं. म्हणजे फाइल सुरक्षित राहूनही वाचतां न येण्याची भीति आहे. यास्तव जुनी प्रणाली चालू आहे तोंवरच प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ प्रत काढून घ्यावी. तिच्यांत अक्षरांचें रूप कायम राहतें. त्यानंतर परिवर्तक प्रोग्रामानें मजकूर युनिकोडमध्यें आणावा आणि मूळ पीडीएफशीं ताडून पाहावा. परिवर्तनांत रफार, ऱ्हस्व इकार आणि ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांसारख्या शब्दांतील ‘ऱ्या’ बहुधा चुकतात. तीं स्थळें आधीं पाहावीं. हें काम घरांतील मुलांनीं मामंजींच्या शेजारीं बसून करावें. अक्षरांचा परिचय मुलांस होईल, आणि जुन्या नांवांच्या चुका मामंजींच्या नजरेंतून सुटणार नाहींत.

दुसरें काम अवयवांचीं नांवें मिळविण्याचें. संगणकाच्या खोक्यावरचें नांव येथें उपयोगाचें नाहीं. एकाच नांवाच्या खोक्यांत दर वर्षीं निराळी वाय-फाय चकती असूं शकते. परंतु आंतल्या प्रत्येक चकतीवर दोन क्रमांक कोरलेले असतात. एक कारखान्याचा, तो जणूं उपनांव; दुसरा वस्तूचा, तो जणूं नांव. इंटेलचा कारखाना-क्रमांक ८०८६ आहे, हें एक उदाहरण. विंडोजमध्यें ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून त्या त्या अवयवाच्या ‘डिटेल्स’ पानावर ‘हार्डवेअर आयडी’ निवडला कीं हे क्रमांक दिसतात. लिनक्सच्या ‘टर्मिनल’मध्यें ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेपुढें एक जागा सोडून ‘-एनएन’ लिहावें. यूएसबीच्या वस्तूंसाठीं ‘एलएसयूएसबी’ एवढेंच पुरे. हीं नांवें रोमन लहान अक्षरांत टंकावीं. मिळालेले क्रमांक वहींत उतरून घ्यावे. ‘माझें वाय-फाय चालत नाहीं’ या तक्रारीस कोणी उत्तर देऊं शकत नाहीं. ‘अमुक क्रमांकाची चकती चालत नाहीं’ या प्रश्नास बहुधा कोणीतरी आधींच उत्तर देऊन ठेविलेलें असतें.

तिसरें काम चांचणीचें. लिनक्सच्या बहुतेक प्रसिद्ध शाखा पेन ड्राइव्हवरूनच, डिस्कला न शिवतां, चालवून पाहतां येतात. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें २००७ मध्यें पुढें आणलेली ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनवर उभारलेली असून तींत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. चांचणीसाठीं ताज्या आवृत्तीचा पेन ड्राइव्ह करून पुढील गोष्टी क्रमानें पाहाव्या: पडदा पूर्ण व स्पष्ट दिसतो काय, वाय-फाय लागतें काय, आवाज येतो काय, दूरदेशीं असलेल्या मुलांशीं बोलावयाचा कॅमेरा चालतो काय, संगणक झोंपविला तर पुन्हा जागा होतो काय, इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी लिहितां येतें काय, आणि प्रिंटर एक पान छापतो काय. या सात प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत ‘इन्स्टॉल’ या शब्दावर बोट ठेवूं नये.

उत्तर ‘नाहीं’ आलें तर घाबरूं नये. वाय-फाय नसेल तर अँड्रॉइड मोबाइल केबलनें जोडून त्यांतील ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावें. बहुधा तेवढ्यानें संगणकास इंटरनेट मिळतें आणि हरवलेला ड्रायव्हर उतरवून घेतां येतो. पडदा काळा पडत असेल, तर सुरुवातीच्या यादींतील ‘सेफ ग्राफिक्स’ हा मार्ग निवडावा. तो चालला तर दोष पडद्याचा नसून चित्रचकतीच्या ड्रायव्हरचा, हें सिद्ध होतें. नव्या लॅपटॉपवर कधीं कधीं प्रतिष्ठापनेच्या वेळीं डिस्कच दिसत नाहीं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुष्कळ यंत्रांत ‘व्हीएमडी’ नांवाची व्यवस्था चालू असते, आणि तिचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घालून दिल्यावांचून विंडोजला डिस्क सांपडत नाहीं. अशा वेळीं ‘डिस्क गेली’ असें म्हणणारावर विश्वास ठेवूं नये. तसेंच जुनी प्रणाली डिस्कवर ठेवावयाची असेल, तर बायोसमधील ही व्यवस्था परस्पर बंदही करूं नये. तसें केल्यास तीच प्रणाली सुरू होण्याचें नाकारते.

प्रिंटरची गोष्ट वेगळी. कांहीं प्रिंटर ‘पोस्टस्क्रिप्ट’ किंवा ‘पीसीएल’ यांसारखी सर्वमान्य बोली जाणतात, आणि नव्यांपैकीं पुष्कळ ‘एअरप्रिंट’च्या पद्धतीनें ड्रायव्हरवांचूनही छापतात. परंतु कित्येक स्वस्त लेझर प्रिंटर केवळ आपल्या कारखान्याच्या खासगी बोलींतच समजतात. कारखान्यानें लिनक्ससाठीं दुभाषी दिला नसेल, तर घरच्या माणसाच्या हुशारीनें तो निर्माण होत नाहीं. तेव्हां एका प्रिंटरसाठीं आठ दिवस डोकेफोड करण्यापेक्षां पीडीएफ करून गांवांतील दुकानांत छापून आणणें शहाणपणाचें. कोठें थांबावें हें कळणें हाही तपासाचाच भाग होय.

सर्व प्रयत्नांत एक नियम कटाक्षानें पाळावा: एका वेळीं एकच बदल. बायोसची कळ फिरविली, त्याच दमांत ड्रायव्हर बदलला आणि रॅमही हलविली, तर सुधारणा कशानें झाली आणि बिघाड कशानें झाला, दोन्ही कळत नाहीं. स्वयंपाकांत मीठ, आंबट आणि तिखट एकदमच वाढवून मग चव बिघडली म्हणणाऱ्यासारखें तें होतें. प्रत्येक बदल तारीखवार वहींत टिपावा. टेबलावरच्या संगणकास बॅटरी नसते. वळवाच्या दिवसांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. म्हणून बायोसचें नवीकरण किंवा प्रतिष्ठापना यूपीएसवांचून करूं नये. बायोस अर्धवट लिहिलें गेलें, तर मात्र संगणक खरोखरच डबा होतो.

आतां मेहकरच्या घरास आमचा सल्ला. नवा संगणक घेऊं नका आणि जुना फॉरमॅटही करूं नका. एक नवी एसएसडी डिस्क घ्या. तिला पूर्ण संगणकाच्या मानानें थोडकाच खर्च येईल. जुनी डिस्क जशी आहे तशी काढून, तिच्यावर तारीख लिहून, मामंजींच्या कपाटांत ठेवा. नवी डिस्क बसवून तिच्यावर, वर सांगितलेली चांचणी पुरी झाल्यावर, लिनक्स घाला. प्रयोग फसला, तर पेंचकस घेऊन दहा मिनिटांत पूर्वस्थितीवर येतां येईल. आणि जो प्रयोग मागें घेतां येतो, त्यांत भिण्यासारखें फार थोडें असतें. यंत्र मंद वाटलें तर रॅम ४ ची ८ जीबी करावी. मामंजींस जुन्या प्रोग्रामांत कांहीं पाहावयाचें झालें, तर जुनी डिस्क पुन्हा जोडतां येईल. मात्र तेव्हां इंटरनेटची जोडणी काढून ठेवावी. बँकेचीं कामें नव्या डिस्कवरूनच करावीं. नवीन प्रणालीचा सराव होईपर्यंत जाऊबाईंस दोन आठवडे अडखळल्यासारखें होईल. शाळेच्या परीक्षांचा हंगाम टाळूनच आरंभ करावा.

धाकट्या भावोजींच्या मतासही आम्ही अगदींच झिडकारीत नाहीं. शरीराचा नकार ठरला, किंवा घरच्या कोणाच्या व्यवसायास विंडोजवरच चालणारा एखादा प्रोग्राम अपरिहार्य असला, तर नवा संगणक घेणें हेंच योग्य. तसें झाल्यास जुना भंगारवाल्यास तसाच देऊं नये. डिस्क काढून ठेवावी अथवा नीट पुसावी. आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणें नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्याकडे तो पोंचवावा. आंतील शिसें आणि इतर विषारी द्रव्यें उकिरड्यावर जाळण्याच्या योग्यतेचीं नाहींत.

मदतीस दूर जाण्याची गरज नाहीं. शेगांवचें श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून चालू आहे, आणि जिल्ह्यांतील पुष्कळ घरांतलीं मुलें आज असलें शिक्षण घेत आहेत. त्यांच्या हातीं एकदम संगणक न देतां आधीं वही द्यावी. क्रमांक लिहिलेली वही पाहून ज्यास कांहीं सुचतें, त्याच्याच हातीं पेंचकस द्यावा.

या विषयावर ज्या वाचकांस आम्हांस लिहावयाचें असेल त्यांनीं पांच गोष्टी अवश्य कळवाव्या: संगणक घेतल्याचें वर्ष, प्रोसेसर व रॅम, अडणाऱ्या अवयवाचे दोन क्रमांक, पडद्यावर आलेला चुकीचा संदेश अक्षरशः, आणि तो दर वेळीं त्याच ठिकाणीं येतो कीं निरनिराळ्या. नकला घेऊन झाल्या आहेत काय, हेंही त्यांनीं लिहावें. झाल्या नसतील, तर पत्र टाकण्यापूर्वीं तें काम उरकून घ्यावें.